व्हिएन्नाची टेकडी आणि घेलचें घर

युरोपचा प्रवास करून आलेला गृहस्थ बहुधा पॅरिसचा लोखंडी मनोरा, रोमचे भग्न प्रासाद आणि स्वित्झर्लंडचीं हिमशिखरें यांचें वर्णन करितो, आणि ऐकणाराही तेंच ऐकावयास उत्सुक असतो. त्या स्थळांविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत आम्ही आणखी भर घालण्याचें कारण नाहीं. गेल्या वर्षीं चिरंजिवांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां त्या खंडांत कांहीं आठवडे हिंडलों. त्या प्रवासांतील दोनच स्थळांचा परिचय वाचकांस करून द्यावा, असें योजिलें आहे. एक, ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हिच्या पश्चिमेस असलेली टेकडी. आणि दुसरें, बेल्जममधील घेल नांवाचें गांव. सुमारें सव्वाशें वर्षांपूर्वीं या दोन ठिकाणीं एकाच प्रश्नाचीं दोन अगदीं भिन्न उत्तरें दिलीं जात होतीं. तो प्रश्न असा : ज्याची बुद्धि चळली आहे, अशा माणसानें राहावें कोठें ?

हा प्रश्न एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आपणांस अपरिचित नाहीं. कोणत्याही मोठ्या घराच्या तीन-चार पिढ्यांचा वृत्तांत पाहिला, तर त्यांत एखादे काका, एखादी आत्या, एखादा बुद्धिमान् पण पुढें 'बिघडलेला' मुलगा बहुधा आढळतोच. त्याचें नांव वंशावळींत असतें, पण घरच्या बोलण्यांत नसतें. सोयरीक जुळवितांना तर तें कटाक्षानें गाळलें जातें. म्हणून परदेशांतील ही हकीकत केवळ कुतूहलाची नव्हे, असें आम्हांस वाटतें. आज शिष्टसंमत शब्द 'मनोरुग्ण' असा आहे, आणि तो योग्यच आहे. तथापि ज्या काळाविषयीं लिहावयाचें त्या काळचा 'वेडा' हा शब्द कोठें कोठें आला, तर तो हेटाळणीनें योजिलेला नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

प्रथम त्या काळच्या वैद्यकाची स्थिति पाहूं. एकोणिसावें शतक सरून विसावें लागत होतें, तेव्हां युरोपांत या रोगांचें वर्गीकरण मोठ्या झपाट्यानें चाललें होतें. जर्मन वैद्य एमिल क्रेपेलिन यानें १८९९ सालीं आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तींत दोन मोठे वर्ग निराळे केले : एकांत बुद्धि तारुण्यांतच ढासळूं लागते आणि ढासळत जाते, दुसऱ्यांत उन्माद आणि विषाद हे पाळीपाळीनें येतात व मधल्या काळांत मनुष्य शुद्धीवर असतो. पहिल्या वर्गास १९०८ सालीं झुरिकचा ऑयगेन ब्लॉयलर यानें 'स्किझोफ्रेनिया' हें नांव दिलें, तेंच आज रूढ आहे. १९०६ सालीं आलोइस अल्झायमर यानें एका स्मृतिभ्रष्ट स्त्रीच्या मेंदूंतील विकृति विद्वत्सभेपुढें मांडली. व्हिएन्नांतच बेर्गगासे या रस्त्यावरील १९ क्रमांकाच्या घरांत राहणारे डॉक्टर सिग्मुंड फ्रॉइड यांचा स्वप्नांवरील ग्रंथ १८९९ च्या नोव्हेंबरांत निघाला. प्रकाशकानें त्यावर साल मात्र नव्या शतकाचें, म्हणजे १९०० असें घातलें.

निदान असें पुढें जात होतें, पण चिकित्सा? ब्रोमाइड, क्लोरल आणि १९०३ पासून व्हेरोनल, हीं सर्व झोप आणणारीं औषधें. खवळलेल्या रोग्यास कोमट पाण्याच्या टबांत तासन् तास, कधीं दिवसेंदिवस बसवून ठेवीत. कित्येकांस केवळ अंथरुणावर निजवून ठेवीत. श्रीमंतांस विजेचे सौम्य प्रवाह देत. भ्रमांचा जोर ओसरविणारें क्लोरप्रोमाझीन हें औषध पॅरिसच्या वैद्यांच्या हातीं आलें तें १९५२ सालीं. म्हणजे १९०० च्या सुमाराचा उत्तमांतला उत्तम वैद्य रोगाचें नांव सांगूं शके, पुढें काय होईल तेंही बऱ्याच अंशीं सांगूं शके. रोग मात्र हटवूं शकत नसे. अशा वेळीं रोग्यास ठेवावयाचें कोठें आणि कोणाच्या सहवासांत, हाच चिकित्सेचा मुख्य भाग होऊन बसला.

त्यांत आणखी एका मताची भर पडली होती. फ्रेंच वैद्य मोरेल यानें १८५७ सालीं असें प्रतिपादिलें होतें कीं, वेड हें वंशाच्या अपकर्षाचें चिन्ह होय. एका पिढींत चिडखोरपणा, पुढच्या पिढींत झटके वा व्यसन, त्याच्या पुढें वेड, आणि अखेर वंशच्छेद. पुढें १८९२ सालीं माक्स नोर्दाऊ या लेखकानें हाच 'वंशापकर्ष' चित्रकार, कवि आणि नाटककार यांच्यावर लादला, आणि हा शब्द सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत शिरला. परिणाम काय झाला असेल, याची कल्पना आपणांस करतां येते. घरांत वेडा मनुष्य असणें ही केवळ आपत्ति राहिली नाहीं, तर तो कुळावरचा डाग ठरला. आणि डाग मनुष्य झांकतो.

आतां व्हिएन्नाकडे वळूं. तेथील जुन्या सार्वजनिक रुग्णालयाच्या आवारांत एक वाटोळी, पांच मजली, जाड भिंतींची इमारत आहे. १७८४ सालीं बादशहा दुसरा जोसेफ यानें ती खास वेड्यांकरितां बांधविली. आंत १३९ कोठड्या, आणि बाहेरून पाहतां भिंतींत कापलेल्या अरुंद खिडक्या. शहरांतले लोक तिला 'गुगेलहुप्फ' म्हणतात. तें तेथील एका वाटोळ्या, मधोमध पोकळ अशा केकचें नांव आहे. आज तीस तुरुंग म्हणावेंसें वाटतें. पण ज्या काळीं वेड्यांस गुन्हेगारांबरोबर व निराधारांबरोबर डांबून ठेवीत, त्या काळीं त्यांच्यासाठीं निराळी वास्तु असणें हेंच मोठें पाऊल होतें. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत तिचा हा उपयोग संपला; आतां तेथें शरीरविकृतींचें संग्रहालय आहे.

या अंधाऱ्या वर्तुळाला व्हिएन्नानें सव्वाशें वर्षांनीं जें उत्तर दिलें, तें पाहावयास आम्ही शहरांतून बसनें पश्चिमेकडे गेलों. वस्ती विरळ होत जाते, चढ लागतो, आणि झाडींतून वर एक सोनेरी घुमट चमकूं लागतो. हेंच श्टाइनहोफ. १९०७ च्या ऑक्टोबरांत हें उघडलें, तेव्हां युरोपांतील सर्वांत मोठ्या व सर्वांत अद्ययावत् अशा मनोरुग्णालयांत त्याची गणना झाली. उतरणीवर ओळीनें मांडलेल्या साठ इमारती, दोन हजारांहून अधिक रोग्यांची सोय, मध्यभागीं कार्यालय, नाट्यगृह आणि मुदपाकखाना, आणि सर्वांवर शिरोभागीं देऊळ. एका बाजूस पुरुष, दुसऱ्या बाजूस स्त्रिया. शांत रोगी निराळे, अर्धवट शांत निराळे, खवळलेले निराळे. या मांडणीवर आणि देवळावर त्या काळचा विख्यात शिल्पशास्त्रज्ञ ओटो वाग्नर याचा हात होता. शुभ्र भिंती, मोकळी हवा, फळझाडें, बागा. त्या वेळचे लोक त्यास 'शुभ्र नगर' म्हणत, तें यथार्थच होतें.

देवळाचें वर्णन थोडें सविस्तर केलें पाहिजे, कारण कारागिरानें रोग्याचा विचार किती बारकाईनें केला होता, तें त्यावरून कळतें. बांकांच्या कडा गोल केलेल्या आहेत, कीं झटका आलेल्या माणसास इजा होऊं नये. बांक आंखूड आहेत, कीं सेवकास रोग्यापर्यंत लवकर पोंचतां यावें. फरशी वेदीकडे किंचित् उतरती आहे, म्हणजे मागें बसलेल्यासही पुढचें दिसतें, आणि ती धुवावयासही सोयीची. तीर्थाचें पाणी एका पात्रांत सर्वांनीं बोटें बुडवून घ्यावयाचें, तर संसर्गाचें भय. म्हणून तें वरून थेंब थेंब गळावें अशी योजना आहे. स्त्री-पुरुषांस स्वतंत्र दारें आहेत, आणि कोणास अचानक बरें वाटेनासें झालें तर वैद्याची खोलीही देवळांतच आहे. खिडक्यांच्या रंगीत कांचा कोलोमान मोझर यानें योजिल्या. त्यांवर भुकेल्यास अन्न, तहानेल्यास पाणी, रोग्याची शुश्रूषा अशीं दयेचीं कृत्यें संतांच्या रूपानें दाखविलेलीं आहेत. उद्घाटनास राजपुत्र फ्रांत्स फेर्डिनांड आला होता. त्यास ही नवी शैली मुळींच रुचली नाहीं. परंतु सामान्य नगरवासीयांनीं त्या सोनेरी घुमटाकडे पाहून टेकडीस 'लिंबाची टेकडी' असें लाडकें नांव दिलें. बाहेर पडतांना आमच्या सौभाग्यवती इतकेंच म्हणाल्या, "बांकाच्या कडा घासणाऱ्यानें मन लावून घासल्या हो !" आम्हांसही तसेंच वाटलें.

असें असतां, या नगराला एक भिंत होती, हें विसरतां येत नाहीं. देऊळ सर्वांस दिसावें असें उंचावर, पण ज्यांच्यासाठीं तें बांधलें ते लोक मात्र शहराच्या नित्य व्यवहारांतून पार बाहेर. भिंतीच्या आंतही जगाचा भेद शिल्लक होताच : पैसे भरूं शकणाऱ्यांसाठीं एका बाजूस स्वतंत्र विभाग, करमणुकीच्या निराळ्या सोयी. व्हिएन्नाचा लेखक पेटर आल्टेनबेर्ग हा १९१२-१३ सालीं येथें रोगी म्हणून होता. याहून श्रीमंतांसाठीं शहराबाहेर पुर्कर्सडोर्फ येथें योझेफ होफमान यानें १९०४-०५ मध्यें बांधलेलें आरोग्यभवन होतें; तेथें 'वेड' हा शब्दही उच्चारीत नसत, 'नसांचा अशक्तपणा' म्हणत. श्टाइनहोफ उघडलें तेव्हां तेथील वैद्य निर्दय नव्हते, इमारतींत कृपणता नव्हती. परंतु तेथें आलेल्या माणसास करावयाचें असें फार थोडें होतें, आणि परत जावयाचें घर पुष्कळांस उरलेलें नव्हतें. जेथें औषध नव्हतें तेथें व्हिएन्नानें उत्तम वास्तु दिली. वास्तूनें जेवढें होण्यासारखें तेवढें झालें.

या टेकडीचा पुढचा इतिहास लिहितांना हात जड होतो, पण तो गाळणें योग्य नव्हे. १९३८ सालीं ऑस्ट्रिया हिटलरच्या राज्यांत सामील झाला. वंशापकर्षाचें तें जुनें मत आतां राजाज्ञा होऊन आलें. १९४०-४१ सालीं श्टाइनहोफमधील ३,२०० हून अधिक रोगी गाड्यांत घालून नेण्यांत आले, आणि त्यांतील बहुतेक लिंत्स शहराजवळील हार्टहाइम या वाड्यांत विषारी वायूनें मारण्यांत आले. त्यानंतरही उपासमारीनें आणि दुर्लक्षानें येथें माणसें मरत राहिलीं; एकूण बळी साडेसात हजारांहून अधिक. याच आवारांतील 'श्पीगेलग्रुंड' विभागांत १९४० ते १९४५ या काळांत ७८९ बालकें मृत्युमुखीं पडलीं. त्यांचे अवशेष २००२ सालीं शहराच्या मध्यवर्ती दफनभूमींत पुरण्यांत आले. आवारांतील नाट्यगृहापुढें आतां ७७२ दिव्यांचे खांब उभे आहेत. सायंकाळीं ते पेटतात.

याचा दोष गोल कडा घासणाऱ्या कारागिराकडे जात नाहीं. परंतु एक गोष्ट मनांत आल्यावांचून राहात नाहीं. मनुष्य एकदां घर, गल्ली आणि बाजार यांतून उठून केवळ नोंदवहींतील क्रमांक झाला, म्हणजे तो क्रमांक खोडणें वरच्यास फार सोपें जातें. या विचारानें आमचें मन उदास झालें होतें, आणि म्हणूनच पुढच्या मुक्कामाकडे आम्ही अधिक उत्सुकतेनें निघालों.

घेल हें बेल्जमच्या अँटवर्प प्रांतांत, केंपेन नांवाच्या सपाट, रेताड भागांत आहे. अँटवर्पहून आगगाडीनें तासाभराच्या आंत तेथें पोंचतां येतें. डोंगर नाहीं, नदीचें सौंदर्य नाहीं. पाइनची झाडी, कुरणें आणि विटांचीं घरें. चौकांत सेंट अमांडचें देऊळ आहे, आणि तेथून थोडें चालत गेलें म्हणजे सेंट डिंफ्ना हिचें देऊळ लागतें. गांवाची सारी कथा या दुसऱ्या देवळापासून सुरू होते.

डिंफ्नाचें चरित्र तेराव्या शतकांत एका धर्मोपदेशकानें लॅटिनमध्यें लिहिलें. त्यांतील कथा मात्र सातव्या शतकांतली मानतात. आयर्लंडांतील एका राजाची राणी वारली. शोकानें त्याची बुद्धि भ्रमली, आणि राणीसारखी दुसरी स्त्री मिळेना म्हणून तो स्वतःच्या कन्येवरच पाणिग्रहणाचा आग्रह धरूं लागला. कन्या डिंफ्ना ही आपल्या वृद्ध उपदेशकासह समुद्र ओलांडून घेलला आली. राजानें माग काढीत येऊन उपदेशकास मारविलें आणि मुलीचा शिरच्छेद स्वहस्तें केला. पुढें तिच्या समाधीपाशीं वेडे बरे होतात, अशी ख्याति झाली. यांतील ऐतिहासिक सत्य किती, हा वाद आम्ही विद्वानांवर सोपवितों. आम्हांस विशेष वाटलें तें हें कीं, जिचा प्राण एका भ्रमिष्टानें घेतला, तीच भ्रमिष्टांची रक्षणकर्ती ठरली. वेड्याचें भय घेण्यास ज्या गांवास सर्वांहून अधिक कारण होतें, त्यानें त्याची सेवा पत्करली.

आजचें देऊळ १३४९ पासून बांधलें गेलें. त्यास चिकटून रोग्यांची खोली आहे. रोग्यास तेथें नऊ दिवस ठेवीत, प्रार्थना होत, संतिणीच्या अस्थींच्या पेटीखालून त्यास रांगत जावें लागे, आणि त्याच्यानें तें होत नसल्यास त्याच्या वतीनें दुसरा कोणी रांगे. नरसोबाच्या वाडीस किंवा गाणगापुरास ज्यांनीं सेवेकरी पाहिले आहेत, त्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको. खोलींत जागा नसली, किंवा नऊ दिवसांत गुण आला नाहीं, तर देवळाचे अधिकारी रोग्यास गांवांतील एखाद्या घरीं ठेवीत. कित्येकांचे आप्त त्यांस न्यावयास पुन्हा आलेच नाहींत. ते राहिले ते राहिलेच; घरच्यांबरोबर जेवूं लागले, गाईंस वैरण घालूं लागले, मुलांस खेळवूं लागले. अशा रीतीनें कोणी ठराव न करितां, कोणी नकाशा न काढतां, ही पद्धति शतकानुशतकें वाढली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांचें राज्य झालें आणि देवळाची सत्ता गेली. तरी घरांतील रोगी घरांतच राहिले. १८०३ सालीं ब्रसेल्सच्या फ्रेंच अधिकाऱ्यानें तर त्या शहरांतील वेडे मुद्दाम घेलला पाठविले. १८२१ सालीं फ्रान्सचा नामांकित वैद्य एस्किरोल येथें येऊन पाहून गेला. त्यास रस्त्यांतून मोकळे हिंडणारे रोगी दिसले, आणि कांहींच्या पायांत बेड्याही दिसल्या. तेव्हां हें सर्व स्वर्गीय होतें, असें समजूं नये. बेल्जमचाच थोर वैद्य गिसलँ हा घेलचा कडक टीकाकार होता. शेतकऱ्याच्या हातीं रोगी देणें म्हणजे शास्त्राचा त्याग, असें त्याचें मत. या टीकेचा उपयोग झाला. १८५० सालीं वेड्यांसंबंधीं कायदा झाला, १८५२ सालीं घेलची व्यवस्था सरकारनें आपल्याकडे घेतली, आणि १८६२ सालीं एक रुग्णालय बांधलें. नवा रोगी प्रथम तेथें राही. वैद्य त्याची प्रकृति पाहून योग्य घर निवडी. आणि घरीं दुखणें बळावलें तर तो पुन्हा तेथें येई. गांवाचे विभाग पाडून प्रत्येकास वैद्य व देखरेख करणारे नेमले. ते घरोघर जाऊन खोली, अंथरूण, जेवण पाहात. एका घरीं दोहोंपेक्षां अधिक रोगी ठेवावयाचे नाहींत, असा दंडक होता. बेड्या हळूहळू नाहींशा झाल्या.

म्हणजे नव्या शतकाच्या तोंडाशीं घेलमध्यें केवळ परंपरा नव्हती. परंपरेच्या पाठीशीं वैद्य, पैसा आणि तपासणी उभी होती. त्या वेळीं येथें दोन हजारांच्या आसपास रोगी घरोघर राहात होते. १९०२ सालीं अँटवर्प येथें कुटुंबांतील शुश्रूषेविषयीं आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि ज्या पद्धतीस अर्धशतकापूर्वीं मागासलेली म्हणत, तिचा तेथें गौरव झाला. बेल्जमांतच लिएर्नो येथें १८८४ सालीं आणि फ्रान्समध्यें दँ-स्युर-ओराँ येथें १८९२ सालीं तिचें अनुकरण सुरू झालें होतें. व्हिएन्नाची टेकडी बांधली जाण्यापूर्वींचीच ही गोष्ट.

घेलमध्यें अशा माणसास 'रोगी' म्हणत नाहींत. डच भाषेंतील त्यांच्या शब्दाचा अर्थ 'जेवावयास असणारा' असा होतो. आपल्याकडे पूर्वीं गरीब विद्यार्थी वार लावून जेवीत. त्यांच्या नात्याशीं या शब्दाचें थोडें साम्य आहे. फरक इतकाच कीं, येथें सातही वार एकाच घरीं, आणि तेही कधीं कधीं चाळीस-पन्नास वर्षें. यजमान वृद्ध होऊन वारले, तर मुलगा वा सून त्या माणसास पुढें चालवी. घराबरोबर जणूं तोही वारशानें येई. घरच्यांस सरकारकडून थोडा मोबदला मिळे, आणि केंपेनच्या नापीक जमिनींत त्याची फार गरज होती, हें लपविण्याचें कारण नाहीं. त्यांच्या हातचें कामही घरास उपयोगी पडे. पुरुष शेतांत, स्त्रिया विणकामांत व मुलांपाशीं. आमच्या सौभाग्यवतींनीं साहजिकच विचारलें, "घरांत लहान मुलें असतांना भीति कशी वाटत नसेल हो ?" याचें उत्तर पूर्वींच्या प्रवाशांच्या टिपणांत पुन्हा पुन्हा आढळतें : तेथील मुलें या माणसांच्या अंगाखांद्यावरच वाढत. ज्यास जन्मापासून ओसरीवर पाहिलें, त्याचें बडबडणें हें मुलास आजोबांच्या खोकल्यासारखेंच नित्याचें.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एका अमेरिकन अभ्यासिकेनें तेथील एक हकीकत नमूद केली आहे. ती जुन्या रीतीचें मर्म सांगते. एक पाहुणा रोज आपल्या सदऱ्याचीं बटणें पिळून पिळून तोडी, आणि घरची बाई रोज रात्रीं तीं पुन्हा शिवी. मासे धरण्याच्या चिवट दोऱ्यानें शिवलीं तर तुटणार नाहींत, असें अभ्यासिकेनें सुचविलें. बाईंस तें मुळींच पटलें नाहीं. बटणें पिळणें ही त्या माणसाची गरज होती. तीं तुटूं नयेत अशी तजवीज करणें म्हणजे त्याच्या हातची गोष्ट हिरावून घेणें. रोज चार टांके घालणें त्यांस जड नव्हतें.

ही हकीकत वाचल्यापासून आम्ही एका गोष्टीचा विचार करीत आहों. असल्या माणसावर त्या बाईहून अधिक प्रेम त्याच्या आईचें असणार, यांत शंका नाहीं. मग आपल्या घरांत जें जमत नाहीं तें परक्या घरांत कां जमावें ? आमच्या मतें याचें कारण असें. आईनें त्यास पूर्वीं पाहिलेलें असतें. वर्गांत पहिला येणारा, मंत्र खणखणीत म्हणणारा, चार माणसांत उठून दिसणारा मुलगा तिच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं. म्हणून आजच्या मुलाकडे ती पाहते तेव्हां तिला हानिच दिसते. वडिलांस धाकट्या बहिणींचीं लग्नें दिसतात. भावास लोक काय म्हणतील तें ऐकूं येतें. प्रेम, आशा आणि लाज हीं तिन्ही एकत्र झालीं म्हणजे घर त्या माणसास सारखें 'पूर्वींसारखा हो' असें सांगत राहतें, आणि तो होत नाहीं म्हणून रागावतें वा रडतें. घेलच्या बाईची अपेक्षा इतकीच कीं, वेळेवर जेवावयास यावें आणि कोंबड्यांस दाणे घालावेत. ती अपेक्षा तो पुरी करूं शके. प्रत्यहीं एक अपेक्षा पुरी करणारा मनुष्य स्वतःच्या दृष्टीनेंही निरुपयोगी राहात नाहीं.

प्रसिद्ध चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याच्या वडिलांनीं १८८० च्या सुमारास त्यास घेल येथें ठेवण्याचा घाट घातला होता. ते धर्मोपदेशक होते. मुलाच्या विक्षिप्त वागण्यानें घर त्रासलें होतें. व्हिन्सेंटला त्याचा अत्यंत संताप आला आणि तें तसेंच राहिलें. पुढें १८८९ सालीं तो आपण होऊन दक्षिण फ्रान्समधील सँ-रेमीच्या इस्पितळांत गेला, आणि दुसऱ्या वर्षीं वारला. घेलला गेला असता तर काय झालें असतें, हें कोण सांगणार ? परंतु 'पाठवून देणें' आणि 'ठेवून घेणें' या दोहोंत केवढें अंतर आहे, तें जाणाऱ्याच्या मनासच कळतें, एवढें यावरून दिसतें.

घेलच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठणारे रोगी तेथें घरीं ठेवीत नसत. सर्वच यजमान सारखे दयाळू नव्हते. म्हणून तर तपासणी हवी होती. १९३८ सालीं पाहुण्यांची संख्या ३,७३६ पर्यंत चढली. नंतर ती उतरूं लागली. शेती यंत्रानें होऊं लागली, स्त्रिया कामासाठीं घराबाहेर पडल्या, घरें लहान झालीं, औषधें आलीं. आतां असे पाहुणे फार थोडे उरले आहेत. २०२३ सालीं युनेस्कोनें या परंपरेस जतनाच्या अनुकरणीय उदाहरणांत स्थान दिलें. पण सन्मान मिळाला म्हणून रिकामी खोली मिळतेच असें नाहीं. रुग्णालय आजही तेथें आहे, आणि घरोघर जाणारे शुश्रूषकही आहेत. यजमानांस रोगाचें नांव बहुधा सांगत नाहींत. माणसाची संवय आणि आवडनिवड तेवढी सांगतात.

व्हिएन्नाची टेकडी बांधली जाण्यापूर्वींच आपल्याकडेही, १९०१ सालीं, ठाण्यास वेड्यांचें इस्पितळ निघालें, आणि १९१२ सालीं हिंदुस्थानासाठीं कायदा झाला. दोन्ही इंग्रजी वळणाचीं, म्हणजे भिंतीचीं. आज कायदा बदलला आहे आणि औषधेंही आहेत. परंतु घरांतील मागची खोली अजून पुष्कळ ठिकाणीं तशीच आहे. आपलें कुटुंब मोठें, आपल्याकडे कोणी टाकून देत नाहीं, असें आपण अभिमानानें म्हणतों, आणि तें बऱ्याच अंशीं खरेंही आहे. परंतु ठेवणें आणि झांकून ठेवणें यांत भेद आहे. घेलमध्यें पाहुणा बाजारांत जाई, देवळांत बसे, त्याचें नांव गांवास ठाऊक असे. आणि घरच्या बाईवर एकटीवर सारें पडत नसे, कारण मागें वैद्य होता, आणि शेजारच्या घरींही असाच एक पाहुणा होता.

तेव्हां ज्या वाचकांच्या घरीं असा कोणी आहे, त्यांस आमचें सांगणें थोडकेंच आहे. वैद्यास लवकर दाखवावें, औषध चुकवूं नये, आणि जिवास अपाय होण्याचें चिन्ह दिसल्यास इस्पितळाची लाज धरूं नये. घेलच्या घरांनींही ती धरली नाहीं. सारा भार एका सुनेवर वा एका आईवर टाकूं नये. तो घरांत वांटून घ्यावा. त्या माणसाचें ताट सर्वांबरोबर वाढावें, पाहुण्यांपुढें त्याचें नांव घ्यावें, आणि त्याच्या हातून होईल असें एखादें काम, देवाचीं फुलें आणणें म्हणा, गव्हांतले खडे निवडणें म्हणा, त्याच्याकडे कायमचें सोंपवावें. खडे थोडे राहिले, तर मागाहून कोणी तरी निवडावेत.